सिद्रामच्या नळीतली हवा

"आप्पा, माझ्याच नळीला हवा कमी का सोडताय?"

सिद्रामने हे सगळ्यांसमोर विचारलं. मुद्दामच.

मलकप्पा पाथरवट, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, देवीच्या मूर्तीच्या निऱ्या घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण म्हणतंय कमी आहे?"

"माझी छिन्नी म्हणतीय की. परशाची टरटर चालते, माझी म्हाताऱ्यासारखी खोकते."

परशा खाली मान घालून हसला. सिद्रामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आप्पांच्या कारखान्यात आता हातोडा क्वचितच वाजे. मागच्या खोलीतला कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरायचा. ती भिंतीवरच्या पाइपातून यायची आणि ज्याच्या त्याच्या रबरी नळीतून छिन्नीला ठोके द्यायची. कुणाला किती दाब, ते ठरवणारं प्रत्येकाचं चाक आणि काटा भिंतीवरच्या पेटीत. पेटीला कुलूप. चावी आप्पांच्या कमरेला.

देवीचा चेहरा कुणी कोरायचा, ते आज ठरणार होतं. आपल्यासारखा हात इथे दुसऱ्या कुणाचा नाही, असं सिद्रामला वाटे. आणि खरंच नव्हता. पण चार दिवस झाले, त्याची छिन्नी दमल्यागत चालत होती आणि परशा पुढे निघाला होता. परशा आप्पांच्या बहिणीचा मुलगा. कुठंतरी पाणी मुरतंय, हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता.

"पेटी उघडा," सिद्राम म्हणाला. "काटा बघू द्या सगळ्यांना."

"उघडायची कशाला... मीच कमी केलीय."

सगळ्यांच्या छिन्न्या थांबल्या. मागे कॉम्प्रेसर तेवढा धडधडत राहिला.

खरं तर सिद्रामला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ज्यांच्या पायाशी बसून दगड शिकलो, त्यांनीच... त्याचे डोळे भरून आले, आणि त्याचाही त्याला राग आला.

"का?"

आप्पांनी कमरेची चावी सोडून त्याच्या तळहातावर ठेवली.

"घे. हवी तेवढी वाढव."

भांडून मिळवायचं ते असं आयतं हातात पडलं, की भल्याभल्यांची पंचाईत होते. सिद्रामने पेटी उघडली. त्याचा काटा निम्म्यावर होता. त्याने चाकाला हात घातला.

तेवढ्यात आप्पा उठले. परशाचा दंड धरून त्यांनी त्याला मूर्तीच्या पलीकडे नेऊन उभं केलं. स्वतः दाराजवळ गेले आणि साऱ्या कारखान्याची हवा एका झटक्यात बंद करणाऱ्या मोठ्या कॉकवर हात ठेवून थांबले.

सिद्रामच्या मनात पाल चुकचुकली.

"लांब का गेलात?"

"तू वाढव की."

"परशाला का नेलंत?"

"बहिणीचा आहे तो माझ्या."

कुणी हसलं नाही.

सिद्रामने चाक सोडलं. म्हाताऱ्याने काहीतरी करून ठेवलंय, याबद्दल आता त्याला शंका उरली नव्हती. काय ते शोधायचं आणि सगळ्यांना नाकावर टिच्चून दाखवायचं. त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. आपल्या नळीचा कॉक बंद केला. छिन्नीचा खटका दाबून नळीत अडकलेली हवा जाऊ दिली. ती फुस्स करून गेली.

मग तो तपासायला बसला. जोडाची पिन जागेवर होती. पट्टी घट्ट होती. छिन्नीचं पातं नीट बसलेलं होतं. त्याने नळी हातात घेतली आणि वीत वीत चाचपत निघाला.

मूर्तीखालच्या चौथऱ्याच्या कोपऱ्यावरून ती रोज ओढली जायची. तिथे त्याचं बोट अडलं. रबर झिजून आतले दोरे उघडे पडले होते आणि शेजारची जागा लिबलिबीत लागत होती. कामाला बसलं, की ती जागा बरोबर त्याच्या तोंडासमोर यायची.

"हे... पुऱ्या दाबाला फुटलं असतं," तो म्हणाला. "नळी सापासारखी उसळली असती माझ्या तोंडावर."

"व्हय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"चार दिसांपासनं."

"आणि मधेच फुटली असती तर?"

"म्हणून तर काटा निम्म्यावर आणला."

"मग तोंडानं सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं होतं की. आलास त्याच दिवशी. ज्याची नळी, त्यानं रोज चाचपायची."

सिद्रामने हातातल्या नळीकडे पाहिलं. सुरुवातीची नवलाई ओसरल्यावर त्याने ती कधी चाचपली नव्हती. हे चार दिवस तर त्याने पाळत ठेवली होती ती आप्पांच्या कमरेवर आणि परशाच्या हसण्यावर. त्याला फार लाज वाटली.

आप्पा आले. त्यांनी नळी हातात घेतली आणि झिजलेल्या जागी सुरी घालून तिचे दोन तुकडे केले, म्हणजे दुसरं कुणी चुकूनही जोडायला नको.

"आप्पा... देवीचा चेहरा?" सिद्रामने खालच्या आवाजात विचारलं.

आप्पा पुन्हा निऱ्यांशी जाऊन बसले.

"तूच कोर. पण एवढा चांगला संशय, लेका... चार दिवस माझ्यावर वाया घालवलास."