बेलभंडार न उचलणारा साक्षीदार

फार जुनी गोष्ट. खऱ्याखोट्याचा निवाडा वडाच्या पारावर बसून व्हायचा, त्या काळातली. एका गावात टोपल्या विणणारा एक माणूस राहत होता. तो देव मानत नसे.

गावाला त्याची गंमत वाटे. लोक त्याला मुद्दाम छेडत. "हे जग कोणी केलं रे?" तो म्हणे, "ठाऊक नाही." "बरं, मेल्यावर माणूस कुठे जातो?" "तेही ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर आनंद आहे." लोक हसत आणि त्याच्याच टोपल्या विकत घेऊन घरी जात.

एका उन्हाळ्यात गावाच्या वैरणीची गंजी जळाली. पावसाळ्यापर्यंत गुरांनी खायचं काय? गाव संतापलं. तेवढ्यात एक मळेवाला पुढे आला आणि म्हणाला, "हे काम शेळ्या राखणाऱ्या म्हातारीचं. तिने चुलीतली राख गंजीशेजारी टाकली. मी डोळ्यांनी पाहिलं."

म्हातारीला पुढेमागे कोणी नव्हतं. होतं ते एक लहानसं वावर, तेही मळेवाल्याच्या बांधाला लागून.

काही दिवसांनी पाटलांसमोर पारावर पंचांची बैठक बसली. गावाचा रिवाज असा, की साक्ष देणाऱ्याने बेलाचं पान आणि देवाची हळद हातात घ्यायची, म्हणजे बेलभंडार उचलायचा. त्याशिवाय शब्दाला किंमत नाही. मळेवाल्याने बेलभंडार उचलला आणि खडखडीत आवाजात साक्ष दिली. पंचांनी ठरवलं, म्हातारीने दिवस मावळायच्या आत गाव सोडावं.

तेव्हा टोपलीवाला उठला.

"म्हातारीचा दोष नाही," तो म्हणाला. "त्या दुपारी मी बांबू शेकत होतो. वावटळ आली, माझ्या आगटीतले निखारे उडाले. एक गंजीत पडताना मी पाहिला. धावलो, पण उशीर झाला."

पाटील म्हणाले, "मग इतके दिवस गप्प का बसलास?"

"भ्यालो. वाटलं, कोणाला कळणार नाही." त्याची मान खाली गेली. "त्याची मला लाज वाटते."

"बरं, उचल बेलभंडार."

"ते मला जमणार नाही, पाटील."

पारावर एकच गलका झाला. मळेवाला हसला. "याला देवाचा धाक नाही. म्हातारीची दया आली म्हणून बनाव रचतोय झालं!"

म्हातारी काकुळतीला आली. "उचल की रे बाबा! पानच तर आहे. तुझं काय जातंय?"

टोपलीवाल्याने हात पुढे केला की म्हातारी वाचणार होती. तो कळवळून म्हणाला, "आजी, तुझ्यासाठी ते नुसतं पान नाही. मनात नसताना ते मी हातात घेतलं, तर माझी साक्ष खोट्यानेच सुरू होईल. मग पुढचं खरं कोणी का मानावं?"

पाटलांनी विचारलं, "देवाचा धाक नाही, तर तुला खोटं बोलण्यापासून अडवतं कोण?"

"ही म्हातारी या उन्हात कुठे जाईल, हे मला दिसतंय. तेवढंच."

पाटील रोज पूजा केल्याशिवाय पाणी न पिणारे. ते मळेवाल्याकडे वळून म्हणाले, "तू पुन्हा एकदा बेलभंडार उचल. फक्त एवढं जोडून म्हण, की म्हातारी गेली तरी तिच्या वावराला मी हात लावणार नाही."

मळेवाल्याचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. तो पाराकडे बघेना, देवळाकडेही बघेना.

"झाला निवाडा," पाटील म्हणाले. "एकाने देवाला साक्षी ठेवून स्वतःचं भलं पाहिलं. दुसऱ्याने शपथेवाचून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. कोणाचं खरं, हे मला देवाला विचारायला नको."

मळेवाल्याने आपल्या मळ्यातली वैरण गावाला द्यावी, असं ठरलं. टोपलीवालाही सुटला नाही. गंजी पुन्हा उभी राहीपर्यंत रोज गवत कापून आणायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. त्याने कुरकुर केली नाही.

पाऊस पडून माळ हिरवा झाला, तशी म्हातारी विळा घेऊन त्याच्या मदतीला जाऊ लागली. एकदा ती म्हणाली, "तू काही म्हण, त्या दिवशी माझ्या देवानेच तुला बुद्धी दिली."

तो हसला. "असेल तुझं म्हणणं, आजी. मला तसं वाटत नाही. पण तू तो भारा उचलू नकोस, जड आहे. इकडे दे."

बोध: देव मानावा की न मानावा, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण आपल्या शब्दाची झळ जो स्वतः सोसतो, तोच खरा साक्षीदार.