पासिंग झालेली जीप

घाटमाथ्यावरच्या एका बाजाराच्या गावात एकदा एका जुन्या जीपचे पासिंग जवळ आले होते. जीप चौदा वर्षांची. तिच्या मालकीणबाई इंदुमती चौगुले आठवड्यातून तीन दिवस चार रुग्णांना घाटाखालच्या इस्पितळात डायलिसिससाठी नेत-आणत. असे वाहन जुने झाले की दरवर्षी सरकारी तपासणीतून उत्तीर्ण व्हावे लागते. नाही तर ते रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून जीप नूरमहंमद मिस्त्रींच्या गॅरेजात आली होती.

मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. पंचक्रोशीतली निम्मी वाहने त्यांच्या हाताखालून गेलेली. अलीकडे दृष्टी साथ देईना, म्हणून जीपचे काम त्यांनी शिष्यावर सोपवले. शिष्य सर्जेराव पस्तिशीचा, साखर कारखान्यातली नोकरी सुटल्यावर या विद्येकडे वळलेला. हात चलाख, स्वभाव उतावळा.

तपासणीच्या आदल्या दिवशी मागचे डावे चाक उघडल्यावर त्याला दिसले, की ब्रेकच्या सिलिंडरचे रबर गेले आहे आणि तेल झिरपते आहे. नवे रबर शहरातून यायला दोन दिवस लागले असते. तारीख हुकली, तर पुढची महिन्याने. त्याने तेल पुसले, आतला भाग घासून कोरडा केला, वरून ब्रेक ऑइल भरले आणि चाक चढवले. शुक्रवारी तपासणीच्या मैदानावर अधिकाऱ्याने ब्रेक दाबायला लावला. जीप जागच्या जागी थांबली. कागदावर शिक्का बसला आणि जीप गॅरेजात परत आली.

आता सर्जेरावाने निश्चिंत व्हायला हवे होते. पण शनिवारी सकाळी गॅरेज उघडल्यापासून त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते. तो जीपखाली वाकला, चाकाच्या आतून बोट फिरवून पाहिले. बोट कोरडे होते. दुसऱ्या गाडीचे काम हाती घेतले आणि अर्धवट टाकून पुन्हा वाकला. समोरचा चहा निवून गेला. इंदुताईंचा फोन आला, तेव्हा "झाली, ताई, पास झाली," एवढेच म्हणून त्याने फोन ठेवला आणि तिसऱ्यांदा जाऊन जीपखाली वाकला.

बाकड्यावर बसून मिस्त्री हे सारे पाहत होते. ते उठले, डोक्यावर टोपी चढवली आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"चल. घाटाखाली माझ्या बहिणीला भेटून येऊ."

"आत्ता, उस्ताद? हातात काम आहे."

"काम कुठं पळून जातंय? गाडी पास झालीय ना?"

"झालीय."

"मग चल की."

सर्जेराव स्टिअरिंगवर बसला. जीप निघाली. उस्तादांनी डोळे मिटून घेतले. सपाट रस्त्यावरही सर्जेराव विनाकारण ब्रेक दाबून पाहू लागला. पॅडल कालच्यापेक्षा खाली जाते आहे, की आपल्या मनाचे खेळ आहेत? त्याला कळेना. जिथून रस्ता दरीच्या कडेने उतरू लागतो, तिथे त्याने जीप बाजूला घेतली आणि इंजिन बंद केले.

"उतरा, उस्ताद."

"बहीण खाली राहते. इथं कुठं उतरू?"

"मागच्या चाकाचं रबर गेलंय. मी नुसतं पुसून दिलं. तुम्हाला घेऊन मी घाट उतरणार नाही."

मिस्त्रींनी डोळे उघडले. चेहऱ्यावर राग नव्हता.

"मला नेणार नाहीस. आणि सोमवारी त्या चौघांना?"

सर्जेराव त्यांच्याकडे वळला. म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"रबराचं नव्हतं. पण पास झालेल्या गाडीखाली कुणी तीनदा वाकत नाही, एवढं ठाऊक आहे."

"आणि मी थांबलोच नसतो तर?"

"हॅण्डब्रेकवर हात ठेवूनच बसलो होतो," मिस्त्री म्हणाले. "ऐक. साहेबानं गाडी मैदानात पाहिली, पाच मिनिटं. त्याला दिसलं तेवढ्यावर त्यानं शिक्का मारला. चाकाच्या आत काय आहे, ते ज्यानं चाक उघडलं त्यालाच ठाऊक. त्याची तपासणी साहेब कसा करणार? ती तुझ्या आत कालपासून चालू आहे, म्हणून तुला चैन नाही. तिला गप्प करू नकोस, बाबा. ज्या दिवशी अशी गाडी देऊनही तुझा जीव तळमळणार नाही, त्या दिवशी पाना खाली ठेव. आणि चाक स्वतः न बघता मी काम तुझ्यावर टाकलं, तो दोष माझा."

पायी चालणाऱ्याच्या गतीने जीप परत आली. सर्जेरावाने तिचे मागचे चाक उतरवून ठेवले आणि तसाच इंदुताईंच्या घरी गेला. त्याने सगळे सांगितले, काही लपवले नाही. रबर आणायला आत्ताच्या एसटीने शहरात जातो म्हणाला. पण रबर येऊन बसेपर्यंत दोन दिवस जाणार, सोमवारी जीप रस्त्यावर येणार नाही.

इंदुताई संतापल्या. "अरे, पण कागद झालाय ना?"

"कागद झालाय, ताई. गाडी व्हायचीय."

मग इंदुताईंनी फोन उचलला आणि सोमवारसाठी दुसरी गाडी शोधू लागल्या.