तांबुलीची रिकामी पाटी

डोंगराच्या पायथ्याशी, शेवंतीच्या पिवळ्याधमक मळ्याला लागून एक पिटुकलं खोपट होतं. त्यात हौसा आणि तिची आई राहायच्या. हौसाला एकच परकर होता आणि तो फाटेल तसं आई त्याला मिळेल ते ठिगळ लावायची, त्यामुळे मूळ परकर कोणता होता हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. आई दिवसभर लोकांच्या मळ्यात फुलं तोडायची. घरात दोन माणसं, एक चूल, एक घोंगडी आणि एक कोंबडी.

कोंबडीचं नाव तांबुली. तांब्याच्या घागरीसारखा तिचा रंग, डोक्यावर लालचुटुक तुरा, आणि चालणं असं ठुमकत की वाटावं, हा सगळा मळा हिच्याच मालकीचा आहे.

पण आज तांबुली चालत नव्हती. ती तुसाने भरलेल्या पाटीत बसली होती. आजच नाही, गेले सत्तावीस दिवस ती तिथेच बसली होती.

झालं असं होतं. तांबुली खुडूक झाली, म्हणजे पिसं फुलवून एका जागी बसून राहायला लागली. मग आईने पाटीत तूस पसरलं, कडेला एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा ठेवला, कारण अंड्यांना दृष्ट लागू नये म्हणून त्या गावात तसंच करतात. वर नऊ अंडी मांडली आणि तांबुलीला बसवलं. एकवीस दिवसांनी पिलं निघणार होती. हौसाने भिंतीवर कोळशाच्या एकवीस रेघा ओढल्या.

दहाव्या दिवशी हौसा शेजारी बाळ बघायला गेली. तिथे इवल्याशा बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालत होते. हौसा विचार करत घरी आली. आपल्या नऊ बाळांना तर कुणीच आंघोळ घातली नाही. तांबुली दाणे टिपायला उठली तेव्हा हौसाने एकेक अंडं उचललं, दाराबाहेरच्या हौदाच्या थंडगार पाण्यात अगदी हलक्या हाताने धुतलं, पुसलं आणि परत ठेवलं. अंडी कशी चकचकीत दिसायला लागली. हौसाला फार बरं वाटलं.

एकविसावा दिवस आला आणि गेला. चोविसाव्या दिवशी आईने परातीत कोमट पाणी घेऊन एकेक अंडं त्यात सोडलं. आत पीलू जिवंत असलं की अंडं पाण्यात हलतं. नऊच्या नऊ अंडी निपचित राहिली. आईने ती केळीखाली पुरली आणि म्हणाली, "ह्या बारीला काय जमलं न्हाई बग. अंड्यांना गारठा लागला आसंल."

हौसाला हौदाचं थंडगार पाणी आठवलं.

आणि तांबुली रिकाम्या पाटीत जाऊन बसली. पिसं फुलवून, पंख पसरून, अगदी पहिल्यासारखी. हौसाने कणी ठेवली, तिने खाल्ली नाही. वाटीत पाणी ठेवलं, तिने चोच लावली नाही. तिचा लालचुटुक तुरा आधी गुलाबी झाला, मग फिका पडला. हौसाने तिला उचलून पाहिलं, तर ती वाळक्या भोपळ्याइतकी हलकी लागली.

आज सकाळी मळ्यात जाताना आई म्हणाली, "दुपारच्याला येते मी. तवर खाल्लं न्हाई तर हौदात बुडवू तिला. शेजारची धुरपाबाय म्हणती, पोट गार पडलं की खुडूक मोडती."

"आये, लई थंडी हाय. मरंल ती."

"न्हाई बुडवली तरी मरंल की गं," आई म्हणाली. तिचंही तोंड उतरलं होतं.

आई गेली. हौसाने हौदात बोट घातलं. बोट बधिर झालं. पौषाचं पाणी ते, आणि तांबुलीच्या अंगात आता काय राहिलं होतं? कोवळा पाला तरी ती खाईल, असं म्हणून हौसा मळ्यात धावली. धावताना सारखी वर बघत होती. ऊन अजून तिरपं होतं, पण सूर्य काही कुणासाठी थांबत नाही.

मळ्यात दवाचे थेंब लखलखत होते. पिवळी शेवंती, पांढरी शेवंती, मधूनच एखादी जांभळी. पाला खुडता खुडता हौसाला एका फुलात काहीतरी थरथरताना दिसलं. तिला वाटलं, फुलपाखरू असेल. जवळ जाऊन बघते तर करंगळीएवढी एक परी. सोनेरी झगा, केसांत परागांचा चुरा, आणि पाठीवरचे चिमुकले चंदेरी पंख दवाने ओले होऊन एकमेकांना चिकटलेले. थंडीने तिचे ओठ निळे पडले होते.

हौसाला घाई होती. एकेक क्षण महाग होता. तरी तिने हातातला पाला खाली टाकला, परीला ओंजळीत घेतलं आणि तोंडाजवळ नेऊन हळूहळू श्वास सोडत राहिली. एकदा, दोनदा, पुष्कळदा. हळूहळू पंख सुटे झाले, झळाळले, आणि त्यांच्यावरून इंद्रधनूचे सातही रंग पळाले.

"तुझं नाव काय गं?" परीने विचारलं.

"हौसा. तुला आता बरं हाय का? मग मी जाते. माझी कोंबडी मरायला टेकलीय."

"थांब जराशी." परीने फुलाच्या दोन पाकळ्या तोडून हौसाच्या तळहातावर ठेवल्या. पाकळ्या मंद मंद चमकत होत्या. "या दोन इच्छा. पण हौसा, पाकळी वाळली की इच्छा गेली."

हौसाने एका दमात मागितलं, "मग आमची नऊ अंडी जित्ती कर."

"गेलेलं परत आणता येत नाही मला," परी हळूच म्हणाली.

"मग तांबुली उठू दे आन् खाऊ दे."

"कुणाच्या मनाविरुद्ध काही करवून घेता येत नाही. आणि स्वतःसाठी काही मागायचं नाही. दुसऱ्यासाठीच मागायचं."

परीला काय, नियम सांगायला तिचं काय जात होतं? हौसाला रडू फुटलं. मागायचं ते मागता येत नसेल तर या पाकळ्यांचं करायचं काय? ती मूठ अलगद मिटून खोपटाकडे पळाली. पाला मळ्यातच राहिला.

पाटीत तांबुली डोळे अर्धे मिटून बसली होती. हौसाने मूठ उघडली. एका पाकळीची कड आताच करपल्यासारखी दिसत होती. ती घाबरली आणि मनात आलं ते बोलून गेली, "तांबुलीला बोलता येऊ दे. तिला काय हुतंय ते तिला सांगता येऊ दे."

पाकळी लखकन चमकली. तांबुलीने डोळा उघडला.

"हळू बोल," ती म्हणाली. "पिलं निजलीत."

हौसा पाटीशेजारी बसली. "तांबुले, खाली अंडी न्हाईत गं. नुस्तं तूस हाय."

"मी बसलेय तोवर आहेत," तांबुली म्हणाली. "उठले की नसतील."

कुणालाच न सांगितलेली गोष्ट आता हौसाच्या जिभेवर येऊन बसली होती आणि गिळता येत नव्हती. "तांबुले, मी त्यास्नी आंगुळ घातली. दहाव्या दिशी. हौदाच्या पाण्यानं. बाळं म्हणून घातली गं."

तांबुलीने चोचीने कडेचं तूस जवळ ओढलं.

"थंडी वाजली असेल त्यांना," ती म्हणाली.

"व्हय."

"मला वाटलं, माझीच ऊब कमी पडली."

"न्हाई गं. तुजी लई हुती. माजंच चुकलं."

तांबुलीने मान वळवून हौसाच्या मनगटावर टेकवली. तिची चोच गरम होती. "तू सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पण ही ऊब आता मी कुठे ठेवू? पोटभर आहे. घेऊन कुठे उठू?"

तेवढ्यात तळहातावरची पहिली पाकळी वाळून चुरा झाली. तांबुलीने पुन्हा चोच उघडली, पण आता नुसतं बारीक कुरकुरणं ऐकू आलं.

एक पाकळी उरली होती आणि तिचीही कड तपकिरी व्हायला लागली होती. ऊन दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. आता आई येईल आणि तांबुलीला हौदात बुडवेल. ही पाकळी तांबुलीसाठीच, हौसाने ठरवलं. पण मागायचं काय? चुकीचं मागितलं तर सगळंच संपलं. एकदा आपण लाडाने हात लावला आणि नऊ अंडी गेली.

"हौसे, चुलीत निकारा हाय का गं?"

शेजारची धुरपामावशी दारात उभी होती. ही मावशी तोंडाने फटकळ, गावाला सल्ले देणारी, हौदाचा सल्लाही तिचाच. पण आज तिचा आवाज फाटला होता. पदराखाली टोपली होती. टोपलीत कालच अंड्यातून निघालेली पाच पिलं होती, पिवळी, काळी, ठिपक्यांची, दवाने भिजून गोळा झालेली.

"पहाटं मुंगसानं आईला नेलं ह्यांच्या," मावशी म्हणाली. "गवतात पांगली हुती, सापडाय येळ लागला. माजी चूल इजलीय. शेक दिल्याबिगर जगत न्हाईत आता."

हौसाने चुलीत पाहिलं. राख गार होती. आई सरपण वाचवायला सकाळीच चूल विझवून जायची.

चार पिलं क्षीण आवाजात चिवचिवत होती. पाचवं, सगळ्यात लहान काळं पीलू, मान टाकून पडलं होतं.

"तांबुलीच्या पंखाखाली ठेवू या का?" हौसाने विचारलं.

"येडी का खुळी? परकी पिल्लं टोचून मारती कोंबडी. माज्या डोळ्यादेखत मारलीत गेल्या साली."

हौसाने पाटीकडे पाहिलं. तांबुलीचे डोळे मिटत चालले होते. हीच एक पाकळी, आणि तीही अर्धी वाळलेली. तांबुलीसाठी काय मागावं हे तिला अजून सुचलं नव्हतं. पिलांना काय हवं ते मात्र समोर दिसत होतं. तिने डोळे गच्च मिटले आणि मनातल्या मनात तांबुलीची माफी मागितली.

"ह्या पिलांना ऊब मिळू दे," ती म्हणाली.

पाकळी तळहातावरून उचलली गेली, झुळुझुळु तरंगत खोपटभर फिरली आणि तांबुलीच्या पाठीवर जाऊन बसली. मग विझली. बाकी काही झालं नाही. चुलीत जाळ पेटला नाही, टोपली गरम झाली नाही. हौसाला वाटलं, संपलं. आपण हीही इच्छा वाया घालवली.

टोपलीतलं एक पीलू केविलवाणं चिवचिवलं.

तांबुलीने मान वर केली.

पीलू पुन्हा चिवचिवलं. तांबुली उभी राहिली. सत्तावीस दिवस बसून तिचे पाय वळले होते. ती पाटीतून खाली पडली, उठली, पिसं फुलवून टोपलीकडे निघाली. तिचा अवतार भयंकर दिसत होता.

"धर तिला," मावशी म्हणाली. "टोचंल ती."

हौसाने हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. तांबुली टोपलीत शिरली होती. मान टाकलेल्या काळ्या पिलावर तिची चोच खाली आली.

तांबुलीने चोच पिलाच्या पाठीमागे नेली. अंडं सरकलं की ओढून घेतात तसं तिने ते पीलू हळूच आपल्या छातीखाली ओढून घेतलं. मग बाकीची. मग पंख पसरून ती बसली आणि पोटातून आवाज काढायला लागली, कुक कुक कुक. चिवचिवाट हळूहळू थांबला.

धुरपामावशी खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला.

त्याच वेळी आई दारात आली. हौसा तिच्याकडे गेली आणि तिने सगळं सांगितलं, आंघोळीसकट. सांगताना ती आईच्या पायांकडे बघत होती. आई तिच्यासमोर उकिडवी बसली. तिने हौसाचे थंडगार हात आपल्या हातांत घेऊन चोळले.

"मला इचारायचं हुतंस," आई म्हणाली. "इतके दीस एकलीच घिऊन बसलीस व्हय?"

दोघी बोलत होत्या तोवर तांबुलीच्या पंखांतून एक पिवळं डोकं बाहेर आलं. मग ठिपक्यांचं, मग आणखी दोन. सगळी सुकून मऊ मऊ झाली होती. हौसा मोजत होती. चार. ती थांबली. पाचवं काही येईना. मग तांबुलीच्या मानेखालची पिसं हलली आणि काळं पीलू बाहेर पडलं, धडपडलं आणि चालायला लागलं.

"वाट्यानं ठिवा ही पिल्लं," मावशी नाक पुसत म्हणाली. "तीन तुमची, दोन माजी. आन् हौदाचं मी काय बोललेच न्हाई."

हौसाने कणी पसरली. तांबुलीने एक दाणा चोचीत उचलला, खाली ठेवला, पिलांना हाक मारली. पिलांनी टिपला. दुसराही तसाच. तिसरा दाणा तिने स्वतः खाल्ला, नाहीतर टिपायचं कसं हे त्यांना कळणार कसं?

तेव्हा उंबऱ्यावरच्या उन्हात काहीतरी चमकलं. करंगळीएवढी परी हवेत उभी होती आणि तिचे चंदेरी पंख भिरभिरत होते.

"मी पाकळ्या कमी दिल्या, म्हणून मला तुझी काळजी लागली होती," ती हौसाला म्हणाली. "मी उगीच घाबरले."

ती हसली. तिच्या पंखांतून उजेड सांडायला लागला, पिवळा, मग सोनेरी, मग पांढराशुभ्र. खोपटाच्या कुडाच्या प्रत्येक फटीतून तो बाहेर गेला. हौसाने डोळ्यांवर हात घेतला, आईने घेतला, धुरपामावशीनेही घेतला. हात काढले तेव्हा दारात नुसतं ऊन होतं.

तांबुलीने मात्र तिकडे पाहिलंच नाही. ती वाटीशी उभी होती आणि एकेक घोट घेत, दर घोटाला मान आभाळाकडे करत पाणी पीत होती.