सटवाजीचा पाव फेरा

निंबखेडच्या तळ्याला सिमेंट ठाऊक नव्हतं, नुसता मातीचा बांध होता, तेव्हाची ही गोष्ट. गावात सटवाजी नावाचा लोहार होता. लोखंडी दांड्यावर हाताने आटे पाडावेत तर त्यानेच. ते इतके साफ, की वर नट ठेवला तर तो आपल्या वजनाने फिरत खाली यायचा, असं म्हणतात.

एका भादव्यात पाऊस थांबेचना. तळं काठोकाठ भरलं. पाणी सोडायची झडप चाक फिरवून आट्यांच्या दांड्यावरून वर उचलायची, आणि नेमके तेच आटे झिजलेले. चाक गरागरा फिरे, झडप जागची हलेना. बांध फुटला तर गाव जाणार, आणि बांधाखालचं पहिलं घर सटवाजीचंच. त्यात त्याची ओली बाळंतीण लेक पारू. तिला हलवावं, तर ओढ्याने वाट अडवलेली.

सटवाजीने बांधावरच नवा दांडा शिकंज्यात आवळला. आटे पाडायची डाय त्यावर चढवली, तेल सोडलं आणि दोन्ही मुठी धरून फिरवू लागला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.

"आरं म्होरं फिरव की! माघारी कशापायी?" पाटील ओरडले.

"आत कीस अडकतो, पाटील. माघारी घेतलं की तुटून पडतो. दम धरा."

पाटलांना कुठला धीर! त्यांनी मुठी हिसकावल्या आणि सगळा जोर लावून पुढेच रेटलं. कचकन आवाज झाला आणि आटे फाटले.

सटवाजीने एकदा घराकडे पाहिलं, दांडा उलटा केला आणि दुसऱ्या टोकाकडून पुन्हा सुरुवात केली. चाल तीच. तेव्हा पाणीसुद्धा त्याच्या हाताकडे बघून चालू लागलं, असं म्हणतात. तो पुढे गेला की पाणी बोटभर चढे, मागे आला की बोटभर उतरे. दांडा बसेपर्यंत तळ्याने वाट पाहिली.

झडप उचलली, पाणी ओढ्याला लागलं. पारूचं बाळ झोपेतून जागंसुद्धा झालं नाही.

आता बांध पक्का आहे, झडपही नवी. तरी दर भादव्यात ती पहिल्यांदा उघडताना लोहाराच्या घरचं माणूस चाक अर्धा फेरा पुढे घेतं, पाव फेरा मागे, आणि सारा गाव गप्प उभा राहतो. तेल घालायचा मान पाटलांचा. चाकाला मात्र त्यांच्या घरचं कुणी अजून हात लावत नाही.