बसण्याचा धडा

“मग चुकलं कुठं, मास्तर?”

विराजने मोबाइल पुढे केला. भानुदासमास्तरांनी मान वर केली नाही. त्यांच्या पुढ्यात काचेच्या झाकणाची पेटी होती, आत दिवा जळत होता आणि काचेवरच्या कागदावर पेन्सिल चालली होती.

“चालणं चुकलं?”

“नाही.”

“पळणं?”

“पळणं तर झकास आहे. अख्ख्या बार्शीनं बघितलंय. लोकांनी रडके चेहरे पाठवलेत ढिगानं.”

“मग?”

“आईनं बघितलं आणि... त्या दिवसापासनं ती माझ्याशी बोलत नाही.”

पेन्सिल चालूच राहिली.

हा विराज ढोबळे एकेकाळी मास्तरांचाच चेला. मास्तरांनी मुंबईत जन्मभर जाहिरातींची कार्टूनं काढली आणि म्हातारपणी गावी येऊन बंद पडलेल्या एका टॉकीजच्या मागच्या खोलीत चित्रं हलवायला शिकवू लागले. त्यांची रीत ठरलेली होती. आधी चेंडू. चेंडूला टप्पा खाता आला की पिठाचं पोतं, पोत्याला जड होता आलं की चालणारा माणूस. आणि सगळ्यात शेवटी, बसलेला माणूस.

तो शेवटचा धडा आला तेव्हा विराज हसला होता.

“बसलेल्या माणसात शिकायचं काय, मास्तर?”

असं म्हणून त्याने दप्तर उचललं आणि घरी जाऊन स्वतःचं चॅनेल काढलं. आता तो जगाला ॲनिमेशन शिकवतो, पायरी पायरीने. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. पण पोराच्या हातात कसब होतं, हे नाकारून चालणार नाही. त्याचं एक वाक्य तर शिकणाऱ्या पोरांच्या तोंडात बसलं होतं. ‘जिथं हालचाल नाही, तिथं मेहनत नाही.’

“काढलंस कुणाला?” मास्तरांनी विचारलं.

“कस्तुरीला.”

आता पेन्सिल थांबली.

कस्तुरी विराजची धाकटी बहीण. शाळेत जाणारी पोर, तापाने गेली. तेव्हापासून त्याची आई उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसलेली असते. ताट पुढे ठेवलं तर जेवते, नाही ठेवलं तर मागत नाही.

“म्हटलं, एकदा तिला तिची पोरगी दाखवावी. चालती-फिरती.” विराज म्हणाला. “दुसरं काय येतंय मला?”

“दाखव.”

आई बसते तिथून दिसावं, तसं चित्र होतं. समोर उंबरा, बाहेर अंगण. कस्तुरी शाळेतून पळत येते. दप्तर भिरकावते. रिबिनी ओढून काढते आणि आईकडे पाठ करून उंबऱ्यात बसते, वेणी घालून घ्यायला. रोज ती अशीच बसायची. केस पाठीवर मोकळे, मान जराशी मागे.

मग ती बसून राहते.

मास्तरांनी ते शेवटपर्यंत बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं नाही.

“आईनं काय केलं?”

“कस्तुरी पळत आली तेव्हा आई हसली, मास्तर. एवढ्या महिन्यांनी हसली. ती बसली तेव्हा आईनं हात पुढं केला... केसांकडं.”

“हं.”

“हात तसाच राहिला. बघत राहिली, बघत राहिली... आणि पदर काढून मोबाइलवर टाकला. वरपर्यंत ओढून घेतला.”

“वरपर्यंत.”

“दवाखान्यात चादर ओढली होती ना... तसा.”

पेटीतल्या दिव्याची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

“ती बसल्यावर किती चित्रं काढलीस?”

“बसल्यावर? एक.”

“एकच?”

“बसलीच आहे की ती. तेच चित्र पुढं लावत गेलो. हालचाल नाही तर...”

पुढचं वाक्य त्याला म्हणवलं नाही.

मास्तर उठले. कोपऱ्यातली लोखंडी ट्रंक उघडून त्यांनी कागदांचे दोन गठ्ठे काढले.

मास्तर रोज काचेवर काय गिरवतात हे शिकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. एकच चित्र. मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई, हात तांदळात, नजर खाली. ती कधी खडा वेचून फेकत नसे की मान वळवत नसे. ती मास्तरांची बायको सुमनबाई, आणि तिला जाऊन बरीच वर्षं लोटली होती. म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला झालाय, असं गाव म्हणायचं. विराजही म्हणायचा.

“हा बघ.”

पहिला गठ्ठा मास्तरांच्या अंगठ्याखालून सरसरत गेला.

बाई बसली होती. काहीच करत नव्हती. पण रेघ जरा जरा सरकत होती, कारण प्रत्येक कागद हाताने गिरवलेला होता आणि हात माणसाचा होता. बाई श्वास घेत होती. आता मान वर करून ‘चहा टाकू का’ म्हणेल, असं वाटत होतं.

“आता हा. एकदा हात फार दुखत होता. म्हटलं, तेच तर चित्र आहे. झेरॉक्स मारून आणल्या.”

दुसरा गठ्ठा सरसरत गेला. तेच सूप. तेच तांदूळ. तोच हात. रेघ मात्र जागची हलत नव्हती.

विराज मागे सरकला.

“ह्या... ह्या कधी गेल्या?”

“झेरॉक्स मारल्या त्या दिवशी.”

विराजने दोन्ही गठ्ठ्यांतला एकेक कागद शेजारी धरून बघितला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. जित्याची खोड म्हणा, दुसरं काय.

“म्हणजे रेघ हलली पाहिजे, एवढंच ना? अहो, त्याला बटण आहे, मास्तर. रेघ आपोआप थरथरते. परत काढायची गरजच नाही.”

“दाब.”

त्याने दाबलं.

उंबऱ्यात पाठमोरी बसलेली कस्तुरी थरथरू लागली. खांदे, मान, मोकळे केस, सगळं एकसारखं. थांबेना.

विराजचं बोट तसंच राहिलं.

“शेवटच्या दिवशी...” तो म्हणाला. “गोधड्यांवर गोधड्या घातल्या आम्ही. आई तिच्या अंगावर आडवी झाली होती. तरी थंडी जाईना तिची. अशीच... अशीच हुडहुडत होती.”

त्याने मोबाइल पालथा टाकला आणि तोंड ओंजळीत धरून रडला. बहीण गेली तेव्हा हा रडला नव्हता, आईला सांभाळायचं म्हणून. ते सगळं आत्ता बाहेर आलं.

मास्तरांनी त्याला अडवलं नाही. पाठीवर हातही ठेवला नाही.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्या खोलीत कुणी कधी पाहिली नव्हती. काचेवरचा सुमनबाईंचा अर्धा गिरवलेला कागद उचलला. बाजूला ठेवला. तिथे कोरा कागद लावला आणि स्वतःची खुर्ची सोडली.

“बस.”

विराज बसला. पेन्सिल हातात घेऊन त्याला खूप दिवस झाले होते. आधी पाठ आली, मग मान, मग केस. एक कागद झाला. त्यावर दुसरा ठेवला. खालच्या उजेडात पहिली कस्तुरी पुसट दिसत होती, तिच्यावरून तो दुसरी गिरवू लागला.

“अगदी तीच रेघ काढायची?”

“अगदी तीच.”

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “येत नाही, मास्तर. दर वेळी जरा चुकतीच.”

“चुकू दे. चुकल्याशिवाय ती श्वास कशी घेणार?”

कागदावर कागद चढत गेले. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरलं. एका कागदावर डोळ्यातलं पाणी पडलं, तो टाकून द्यायला त्याने उचलला. मास्तरांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि गठ्ठ्यात जागच्या जागी ठेवला.

“आई बघेल का हे?”

“माहीत नाही.”

“परत पदर टाकला तर?”

मास्तरांनी पुढचा कोरा कागद काचेवर सरकवला.

विराजची बोटं आखडली होती. त्याने हात झटकला, पुन्हा पेन्सिल धरली. ती बोथट झाली होती.

“हात भरून आला, मास्तर... कुठवर बसवून ठेवू हिला?”

मास्तरांनी ब्लेडने पेन्सिलला टोक काढलं. फुंकर मारली. पेन्सिल त्याच्या हातात परत दिली.

“आई वेणी घालून उठेपर्यंत.”