गौरींचा जेवणानंतरचा फोटो

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा भोळा गडी होता. इतका भोळा, की कुणी "जरा थांब" म्हटलं की "आता जा" म्हणेपर्यंत जागचा हलायचा नाही. मनानं मात्र सोन्यासारखा. त्याची बायको इंदू म्हणायची, "सांगितलेलं ऐकतात हो आमचे. जरा जास्तच ऐकतात, एवढंच."

त्या वर्षी श्रावण सरता सरता सांगलीहून फोन आला. केरबाची आत्या घसरून पडली होती. पायाला प्लास्टर. आत्या म्हणजे या घरची थोरली माहेरवाशीण. गौरी आल्या की तीही यायची. एक वर्ष चुकलं नव्हतं.

"केरबा, लेकरा," आत्या म्हणाली, "यंदा माझं येणं होत नाही. पण मी नेम केलाय. पूजनाच्या दिवशी माहेरच्या गौरींचं तोंड बघितल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. नैवेद्य झाला की फोटो काढ आणि धाड. धाडशील ना?"

"धाडतो," केरबा म्हणाला.

इंदूला घोर लागला. त्या दिवशी ती सोवळ्यात असणार, मोबाइलला शिवायचं नाही. फोटो केरबानंच काढायचा. आणि केरबानं आजवर मोबाइलचा उपयोग फक्त गोठ्यात उजेड पाडायला केला होता.

"अहो, आजपासूनच फोटो काढत जा. हात बसेल," ती म्हणाली. गौराई सगळं निभावून नेते, असा तिचा भरवसा होता.

केरबानं पहिला फोटो म्हशीचा काढला. ओढ्याच्या पलीकडून. फोटोत हिरवं रान, आणि मधे तिळाएवढा ठिपका.

"हे काय?"

"आपली म्हैस."

"अहो, जवळ जाऊन काढायचा! नाक-डोळे दिसले पाहिजेत."

"बरं."

दुसऱ्या दिवशी शेजारचे रंगूकाका म्हणाले, "केरबा, आमच्या नव्या घराचा फोटो काढ रे. पोराला पाठवतो." केरबा जवळ गेला. आणखी जवळ गेला. भिंतीला नाक लागलं तेव्हा थांबला. फोटोत नुसता निळा रंग आला, आणि एक मुंगी.

"घर कुठाय?" काका ओरडले.

"घराला नाक-डोळे नाहीत, काका. मुंगीचे बघा किती छान आलेत."

इंदूनं कपाळाला हात लावला. "अहो, मोठी वस्तू असली की मागं सरायचं. सगळं मावेपर्यंत मागं सरायचं."

"बरं."

मग आलं भजनी मंडळ. एका टोकाला पेटी, दुसऱ्या टोकाला झांजा. केरबा मागं सरला. पेटी मावली, झांजा मावेनात. आणखी मागं सरला. झांजा मावल्या आणि केरबा शेणाच्या खड्ड्यात गेला. फोटोत आभाळ आलं, आणि त्याच्याच पायातली एक चप्पल.

"बुवा, सगळे आलात का?" त्यानं खड्ड्यातून विचारलं.

"आम्ही आलो," बुवा म्हणाले. "तू किती आत गेलास ते सांग."

त्या दिवशी इंदूनं काही शिकवलं नाही. नुसतं पाणी तापवलं.

पण हात बसत होता. गणपतीच्या पंगतीत केरबानं सरपंचांचा फोटो काढला. ना लांब, ना जवळ, ना हललेला. फक्त सरपंचांच्या दोन्ही गालांत भात होता आणि मिशीला आमटी. सरपंच तणतणत घरी आले.

"वहिनी, हा मी आहे की माकड?"

ते गेल्यावर इंदू म्हणाली, "अहो, खाताना कुणाचा फोटो काढू नये. जेवण होऊ द्यावं, ताट रिकामं होऊ द्यावं, तोंडात विडा जाऊ द्यावा. मग माणूस कसं तृप्त दिसतं. तेव्हा काढावा."

"बरं," म्हणून केरबानं हे अगदी गाठ मारून ठेवलं.

गौरीपूजनाचा दिवस आला. दोघी गौरी नथ लेवून उभ्या. समोर दोन ताटं. पुरणपोळी, कढी, सोळा भाज्या, शेजारी दोन विडे. इंदूनं नैवेद्य दाखवला आणि दार ओढून घेतलं. त्या घरची रीतच होती. गौराई निवांत जेवते, कुणी बघायचं नाही. सवाष्णी बाहेर ओसरीवर बसल्या.

केरबा मात्र आत केळीच्या खुंटाआड मोबाइल धरून बसला होता. जेवण व्हायची वाट बघत.

मोबाइल थरथरला. आत्याचा मुलगा दिनकर. "दादा, फोटो? आई सकाळपासून उपाशी आहे. गोळ्या राहिल्यात."

"थांब जरा," केरबा कुजबुजला. "जेवताहेत अजून."

मागून आत्याचा थकलेला आवाज आला, "जेवू दे. घाई नको म्हणावं."

केरबानं वाट पाहिली. थोरली हसत होती, धाकटी हसत होती. ताटाला कुणाचा हात नाही. आपल्यासमोर लाजत असतील म्हणून त्यानं पाठ फिरवली. वळून बघितलं. ताटं तशीच.

"गार होतंय," तो म्हणाला. "तिकडं आत्या उपाशी आहे हो."

मग त्याच्या ध्यानात आलं. माहेरवाशिणीला एकटीला जेवायला अवघड वाटतं. सोबतीला कुणी बसावं लागतं. केरबा मांडी घालून बसला आणि थोरलीच्या ताटातला एक घास घेतला. धाकटीला राग नको म्हणून तिच्या ताटातला एक. मग पुन्हा थोरलीचा. असा कुणावर अन्याय न करता त्यानं दोन्ही ताटं चाटूनपुसून साफ केली. दोघींच्या नथीत एकेक विडा अडकवला, अगदी ओठांशी. आणि फोटो काढला.

असा फोटो त्यानं आजवर काढला नव्हता. धाडला.

इंदूनं दार उघडलं. "अहो! तुम्ही आत?"

"हळू बोल. आत्ताच जेवण झालंय त्यांचं."

तेवढ्यात मोबाइल थरथरला. आत्या रडत होती. "केरबा! जन्मभर नैवेद्य दाखवला रे, पण ताट रिकामं झालेलं कधी बघितलं नव्हतं! दिनकर, वाढ मला. केरबा, काय आवडलं रे त्यांना?"

"पुरणपोळी," केरबा म्हणाला. "पण कढीत मीठ नव्हतं."

इंदूनं जीभ चावली. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, आणि मीठ खरंच राहिलं होतं.

"ऐकलंस ना, इंदू?" आत्या म्हणाली. "मीठ घाल बाई, आणि पुन्हा वाढ. जेवल्या की तोही फोटो धाडा. तो बघून मी दुसरी पोळी घेते."

इंदूनं केरबाच्या मिशीवरचं पुरण बघितलं. बोलायला तोंड उघडलं. इतक्यात मोबाइलमधून आत्याच्या पहिल्या घासाचा आवाज आला, आणि तिनं तोंड मिटलं. गौरींना हात जोडले, विडे काढले, कढीत मीठ घातलं, ताजी ताटं वाढली. मग केरबाला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दाराला कडी लावून समोर बसली.

केरबाचं पोट तट्ट भरलं होतं. पण आत्याला दुसरी पोळी हवी होती. भरल्या ओसरीवर, सगळ्या सवाष्णींच्या देखत, तो दार बडवायला लागला.

"अगं, आत सोड मला! मी नसलो तर त्या घासाला शिवत नाहीत!"