ओढ्यातली शीळ

"मग आज मी पुढे चालू का?"

श्रीरंगने हे विचारलं तेव्हा नूरशा बाबा पिराच्या थडग्यापाशी बसून कंदिलाची काच पुसत होते.

शिरवट गावाच्या वर, शेवटचं भातखाचर संपून रान सुरू होतं तिथे, या फकिराचा तकिया होता. एक थडगं, पत्र्याची पडवी आणि चूल, एवढाच पसारा. रान बघायला लोक लांबलांबून यायचे. गवा दिसेल, शेकरू दिसेल, नशीब असलं तर बिबट्या दिसेल, म्हणून यायचे आणि बाबांच्या मागून पायवाटेने चालायचे.

बाबा अनवाणी चालत. कशाचं नाव सांगत नसत. मध्येच थांबत. ते थांबले की बाकीच्यांनी थांबायचं आणि आपलं आपण बघायचं. कुणाला काही दिसायचं, कुणाला नाही.

श्रीरंगला मात्र नावं येत होती. तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. एका सुट्टीत इथे आला, एक सकाळ बाबांच्या मागून चालला, आणि पुढच्या उन्हाळ्यात नोकरी सोडून तकियातच राहायला आला. त्याला आता सहा वर्षं झाली होती. चिखलातला ठसा, झाडाची ओरबाडलेली साल, मोडकी काडी, सगळं त्याला वाचता येऊ लागलं होतं. पाहुणे हल्ली बाबांना काही विचारत नसत, त्यालाच विचारत. तो सांगे, आणि रंगून सांगे.

"बाबा, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं."

"सहा वर्षं तुमच्या मागून चाललो. आता या रानात असा आवाज नाही, जो मला ओळखू येत नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

बाबांनी काच उजेडाकडे धरली. एक डाग राहिला होता. तो पुसला.

"चाल मग पुढे," ते म्हणाले. "मी मागून येतो."

भाद्रपदातली सकाळ होती. पाऊस उघडला होता, पण वाट अजून ओलीच होती आणि दगडांवर शेवाळ धरलेलं. पाहुणे चौघे होते. त्यांत प्रभाताई शेंडे म्हणून एक बाई होत्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. बोलणं कमी, पण डोळे सारखे फिरते. उरलेले तिघे त्यांच्या नात्यातले.

सगळ्यांच्या पुढे श्रीरंग, मग पाहुणे, आणि शेवटी हिरवी कफनी घातलेले बाबा.

सुरुवातीला श्रीरंग वळून वळून मागे बघत होता. जांभळीच्या शेंड्यावरचं शेकरूचं घरटं त्याने दाखवलं आणि मागे बघितलं. बाबांनी मान हलवली. गव्याचं ताजं शेण दाखवलं, रात्री कळप कुठून कुठे गेला ते सांगितलं, आणि पुन्हा मागे बघितलं. बाबा उभे होते.

मग पाहुणे इतकं विचारू लागले, आणि त्याला इतकं सुचू लागलं, की मागे बघायचं राहून गेलं.

वाट पुढे दरीच्या कडेने जाते. खाली ओढा. कारवीच्या दाटीत तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो. श्रीरंग आणि पाहुणे एका वळणापलीकडे पोचले होते, तेवढ्यात मागे कुठेतरी दगड घरंगळले. पाठोपाठ झाडांवरची वानरं ओरडायला लागली.

खॅक्… खॅक्… खॅक्…

श्रीरंगने हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले.

"बसा," तो कुजबुजला. "बिबट्या."

एका कातळावर ते ओळीने बसले. वानरांची तोंडं खाली ओढ्याकडे होती. श्रीरंगने बोटाने ती दाखवली. वानर उगाच असं ओरडत नाही, तो हलक्या आवाजात सांगू लागला. त्याला जमिनीवरचं भय दिसलं की हा आवाज. बिबट्या खाली ओढ्यात आहे. शिकारीवर झेप घातली असणार, म्हणून दगड सुटले. आता हलायचं नाही. तो याच अंगाने वर येईल.

पाहुण्यांनी श्वास रोखला. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही त्यांच्या वाट्याला येत होतं.

प्रभाताई मागे वळून बघत होत्या.

"तुमचे बाबा दिसत नाहीत."

"बाबा असेच आहेत. मध्येच कुठेतरी बसून राहतात. येतील."

"बिबट्या आहे म्हणता. आणि ते एकटे…"

"बिबट्या बाबांना काही करत नाही," श्रीरंग म्हणाला आणि हसला.

बाकीचेही हसले. प्रभाताई मागे बघतच राहिल्या.

बराच वेळ गेला. वानरं हळूहळू शांत झाली. बिबट्या काही आला नाही. कुणाचा पाय अवघडला, कुणी घड्याळ बघितलं.

आणि मग खालून शीळ आली.

बारीक, लांबलेली, मध्येच तुटणारी. थोडं थांबून पुन्हा आली.

"कुणीतरी माणूस आहे खाली," प्रभाताई म्हणाल्या.

श्रीरंगचा चेहरा उजळला. बिबट्या गेला तर गेला, हातात काहीतरी आलं होतं.

"सगळ्यांना असंच वाटतं," तो म्हणाला. "पाखरू आहे ते. कस्तूर. काळानिळा, ओढ्याच्या काठानेच राहतो. एखादा माणूस आपल्याच नादात शीळ घालत चालावा, तशी शीळ घालतो. सूर कसा भरकटतो बघा. गाणं सुरू करतो आणि विसरतो."

पुन्हा शीळ आली. सगळे कान देऊन ऐकू लागले. आता त्यांना पाखरूच ऐकू येत होतं.

"पण किती माणसासारखी…" प्रभाताई म्हणाल्या.

"त्यातच गंमत आहे. आता ऐका. अजून एकदा घालील आणि गप्प बसेल."

सगळे वाट बघत राहिले.

शीळ एकदा आली. अगदी क्षीण. मग नुसता ओढा वाजत राहिला.

पाहुण्यांनी श्रीरंगकडे बघितलं. त्यांच्यातले एक जण हळूच म्हणाले, "कमाल आहे तुमची."

आपल्या मागे बाबा असते आणि त्यांनी हे ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं श्रीरंगला वाटून गेलं.

ते परत फिरले. वळण ओलांडलं आणि श्रीरंग एकदम खाली बसला. वाटेच्या कडेचं गवत आडवं झालं होतं. शेवाळ खरवडून लाल माती उघडी पडली होती.

"हे बघा. मी म्हणत होतो ना?" त्याच्या आवाजाला पुन्हा रंग चढला. "इथून जनावर खाली गेलंय. चांगलं जड आहे. भेकर एवढं जड नसतं, सांबर असणार. बिचकून पाय सुटलाय त्याचा. इथे बघा, सावरायचा प्रयत्न केलाय. पण माती ओली. आणि इथे त्याने ही कारवी धर…"

वाक्य तिथेच राहिलं.

सांबर कारवी धरत नाही.

कारवीच्या काठीवरची पानं वरून खाली ओरपली गेली होती. मुठीत धरून ओरपावीत तशी. तिच्या मुळाशी, लाल मातीत, एक ठसा होता.

टाच. आणि पाच बोटं.

सगळ्या पाहुण्यांच्या पायांत बूट होते. श्रीरंगच्याही.

प्रभाताई वाकल्या. त्यांनी ठसा बघितला. मग श्रीरंगकडे बघितलं.

श्रीरंग तसाच उकिडवा बसून राहिला. सकाळ त्याच्या डोक्यात उलटी फिरू लागली. शीळ. वानरं. दगड…

दगड घरंगळले तेव्हा बाबा पडत होते.

वानरं ओरडली ती बाबांना बघून.

आणि शीळ…

तो उठला. कुणीतरी त्याच्या दंडाला धरलं. त्याने तो हात झटकला आणि कारवी धरत, घसरत, बसत, तो ओढ्यात उतरला. मागून प्रभाताई उतरू लागल्या.

बाबा एका धोंड्याला पाठ टेकून पडले होते. कमरेखाली सगळं पाण्यात. कफनीचा घोळ फुगून पाण्यावर तरंगत होता. ओठ निळे पडले होते. डोळे उघडे होते.

"हळू," ते म्हणाले. "शेवाळ आहे."

श्रीरंग तिथेच थबकला. हाताच्या अंतरावर, पाण्यात उभा. त्याला जवळ जाता येईना.

"तुम्ही… केव्हापासून…"

"दगड सुटले ना? तेव्हापासून."

"मी बिबट्या म्हणालो."

"हो."

"हाक का नाही मारलीत, बाबा?"

"छातीवर आपटलो. दम पुरेना. शीळ तेवढी निघत होती."

ओढा दोघांच्या मधून वाहत होता.

"मी… मी ऐकली शीळ."

"ठाऊक आहे. दरीत आवाज खाली उतरतो. तुझं सगळं ऐकू येत होतं." बाबांनी श्वास घेतला. तो अर्ध्यातच अडला. "छान सांगतोस तू. मीपण ऐकत होतो."

बाबा रागावले असते, शिवी दिली असती, तर श्रीरंगला आधार वाटला असता. ते तर घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसे बोलत होते.

"मग थांबलात का?" तो कसाबसा म्हणाला. "आणखी घालायची होती. मी कधीतरी… कुणीतरी आलं असतं. ताई म्हणत होत्या, माणूस आहे म्हणून. त्या आल्या असत्या. थांबलात का, बाबा?"

"तू म्हणालास ना."

"काय म्हणालो?"

"अजून एकदा घालील आणि गप्प बसेल."

बाबांनी पुन्हा अर्धा श्वास ओढला.

"चार परक्या माणसांत," बाबा म्हणाले, "तुझा शब्द खोटा कसा पाडू?"

…

पुढे सगळं ठीक झालं. पाहुण्यांनी दोन बांबू तोडले, शाली बांधून झोळी केली, बाबांना वर काढलं, गावात उतरवलं, तिथून जीपने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दिवाळी उलटल्यावर बाबा पुन्हा पायवाटेवर दिसू लागले. श्रीरंग आजही तकियातच असतो. लोक त्याला अजून नावं विचारतात. तो आधी ऐकतो, मग पुन्हा ऐकतो, आणि कधी कधी सांगतो.

पण त्याआधी, तिथेच ओढ्यात, एवढं घडलं.

प्रभाताई अजून वरच्या धोंड्यापाशी होत्या. त्यांना खाली उतरायला पाऊल सापडत नव्हतं. त्या वरूनच ओरडल्या, "अहो, लागलंय कुठे ते विचारा त्यांना आधी."

श्रीरंगला ते ऐकू गेलं नाही. त्याला स्वतःचं रडणं तेवढं ऐकू येत होतं. इतका वेळ लांब उभा असलेला तो एकाएकी पुढे झाला आणि बाबांपुढे पाण्यात कोसळला. कफनीच्या घोळाखाली त्याने दोन्ही हात घातले, बाबांचे दोन्ही पाय घट्ट कवटाळले, आणि कपाळ पाण्यात टेकलं.

"मला क्षमा करा," तो म्हणत होता. "बाबा, मला काही कळत नाही. मला काहीच कळत नाही. क्षमा करा."

बाबांचं तोंड पांढरंफटक पडलं. मान मागे धोंड्यावर गेली. ओठ उघडले, मिटले. मग हात पुढे आला आणि श्रीरंगच्या ओल्या केसांवर टेकला.

"डावा धर, बेटा," ते म्हणाले. "उजवा मोडलाय."